हिरव्या मिणमिणत्या दिव्यात ओटची कापणी

बाहेरचं रणरणतं ऊन मागे टाका आणि या दारातून आत या. पडदा ओढून घ्या आधी! उजेडाची एक तिरीप शिरली, तर आत वाढवलेलं सगळं वाया जाईल. तुम्ही आहात अमेरिकेत, नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात, ली प्रॅट यांच्या प्रयोगशाळेत. साल १९७१ च्या आसपास.

सुरुवातीला काहीच दिसत नाही. फक्त दमट ऊब आणि भिजल्या धान्याचा वास. हळूहळू अंधूक हिरव्या दिव्याला डोळे सरावतात. ट्रेमागून ट्रे, त्यांत दाटीवाटीनं उभे ओटचे कोंब. झाकून ठेवलेल्या मटकीच्या मोडांसारखे फिकट, लांबुडके. दिवा हिरवाच, कारण कोंबातलं फायटोक्रोम हे प्रथिन टिपतं मुख्यतः तांबडा उजेड. अंधारात ते भरपूर साठतं, उजेडात झपाट्यानं ओसरतं.

घ्या कात्री, कापा! मुठीमागून मूठ थेट बर्फात. पाठ भरून येईल, थांबू नका. पुढची खोली थंडगार, बोटं बधिर होतात. मिक्सरची घरघर कानात घुमते, आणि रसायनाचा सडक्या अंड्यासारखा भपकारा थेट डोक्यात जातो. मग गाळणं, पुन्हा गाळणं. ढीगभर कोंबांमधून शेवटी हाती येतात निळसर थेंब. इतकी देखणी निळाई वनस्पतीच्या पोटात असेल, असं वाटलं होतं?

हे थेंब सशाला टोचतात. त्याचं शरीर त्यांना परकं मानतं आणि फक्त फायटोक्रोमलाच घट्ट धरणारी प्रतिपिंडं बनवतं. या कामातला खरा कारागीर मला तरी हा ससाच वाटतो. त्याच्या रक्तातला पिवळसर द्रव कोंबाच्या पातळ कापांवर सोडा, मागोमाग प्रतिपिंडं चिकटली असतील तिथेच रंग उमटवणारं एंझाइम.

वाका सूक्ष्मदर्शकावर. कोंबाच्या टोकाशी तपकिरी रंग चढलाय! प्रकाश ओळखणारं प्रथिन नेमकं कुठे बसलंय, ते प्रॅट आणि रिचर्ड कोलमन यांना असं डोळ्यांनी दिसलं.

आता थोड्या वर्षांनंतरची काच सरकवा. हा कोंब कापण्यापूर्वी काही मिनिटं तांबड्या उजेडात ठेवला होता. पेशीभर पसरलेला तपकिरी रंग गोळा होऊन त्याचे ठिपके झालेत. तांबड्यापलीकडचा, जेमतेम दिसणारा उजेड दिलेल्या कोंबात तेच ठिपके सावकाश पुन्हा विरतात. का गोळा होतात? प्रश्न तोंडात येतोय ना? मग कात्री पुन्हा हातात घ्या. शेजारचा ट्रे तयार आहे.