राबापासून सत्याग्रहापर्यंत

इसवी सन १९३० च्या जंगल सत्याग्रहास मिठाच्या सत्याग्रहाची पुरवणी समजण्याचा प्रघात पडला आहे. जेथे समुद्र नाही तेथे मीठ कोठले, म्हणून जंगलाचा कायदा मोडण्याची युक्ती निघाली, ही उपपत्ती वऱ्हाडास लागू पडते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून कायदेभंग केला, तो अशाच प्रदेशात. परंतु उत्तर कोकणात समुद्र दाराशी, मिठागरेही आहेत. तरी २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरचे लोक अक्कादेवीच्या डोंगराकडे का वळले? पावसाळ्यात मीठ पिकत नाही, हे उत्तर काळापुरते खरे आहे. एवढा समुदाय का लोटला, हे त्याने उलगडत नाही.

त्याचे कारण भाताच्या खाचरात शोधले पाहिजे. भिवंडी तालुक्यात, किंबहुना सर्व ठाणे-कुलाबा भागात, रोप टाकण्याच्या जागी राब भाजण्याची जुनी रीत आहे. झाडांचे टहाळ, पाला, गवत व शेण यांचे थर पसरून उन्हाळ्याच्या अखेरीस ते पेटवितात. त्यायोगे तणाचे बीज जळते आणि राखेचे खत मिळते. म्हणजे शेत सखल भूमीवर, परंतु त्याचे पोषण डोंगरावर! १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित व ग्रामवन असे वनांचे भेद केले. तेव्हापासून राखीव वनातील टहाळ तोडणे हा कुणब्याचा वहिवाटीचा हक्क न राहता सरकारची मेहेरबानी ठरली. या भागातील गाऱ्हाणी इतकी वाढली की, मुंबई सरकारास १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. तात्पर्य, हा असंतोष दांडीयात्रेहून चाळीस वर्षांनी तरी वडील आहे.

येथे कोणी म्हणेल की, वनावर राजसत्ता ही काही इंग्रजांची नवी कल्पना नव्हे. कौटिल्यानेही द्रव्यवन व हस्तिवन यांची व्यवस्था सांगितली आहे. हे मान्य आहे. तथापि काही वने राजाने राखणे निराळे, आणि गावाच्या नित्य गरजेचे रान खात्याच्या परवान्याखाली आणणे निराळे.

चिरनेरच्या गोळीबारात आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. नाग्या महादू कातकरी, रामा बामा कोळी, मोरेश्वर रघुनाथ न्हावी ही त्यांतील काही नावे होत. या आडनावांतच त्या समुदायाचे स्वरूप प्रकट होते. नागर पुढाऱ्यांच्या व्याख्यानांनी मुहूर्त सांगितला असेल. प्रयोजन लोकांचे स्वतःचे होते. नेत्यांच्या चरित्रांवरून चळवळीचा इतिहास रचणाऱ्यांच्या दृष्टीतून नेमके हेच निसटते.

पुढील घटनाही याच निष्कर्षास पुष्टी देतात. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठाविषयी थोडी सवलत मिळाली. वनाविषयी तसे कलम आले नाही. स्वातंत्र्यानंतरही वनखाते १९२७ च्याच कायद्यावर चालत राहिले. वनवासी जनांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे शब्द भारतीय कायद्याच्या उद्देशिकेत यावयास २००६ साल उजाडावे लागले. राज्य पालटले म्हणजे रयतेचे गाऱ्हाणे आपोआप मिटते असे नाही. म्हणून चिरनेरचा अध्याय १९४७ पाशी संपविणे इतिहासकारास उचित नाही.