स्नब २४-कोष्ठी

स्नब २४-कोष्ठी : चतुर्मितीय अवकाशातील एक अर्धनियमित (सर्व कोष्ठ नियमित व सर्व शिरोबिंदू एकसारखे असलेली) आकृती. शिरोबिंदू ९६, कडा ४३२, त्रिकोणी पृष्ठे ४८० आणि त्रिमितीय कोष्ठ १४४. कोष्ठांपैकी १२० नियमित चतुष्फलक व २४ नियमित विंशतिफलक असतात. प्रत्येक शिरोबिंदूपाशी ३ विंशतिफलक आणि ५ चतुष्फलक जुळतात.

रचनेच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत. पहिलीत नियमित ६००-कोष्ठीच्या १२० शिरोबिंदूंमधून २४ असे निवडतात, की त्यांचीच एक नियमित २४-कोष्ठी व्हावी. हे २४ बिंदू काढून टाकले, की प्रत्येकाभोवतीचे २० चतुष्फलक जातात आणि त्या जागी एक विंशतिफलक उघडा पडतो. कोणताही चतुष्फलक दोनदा मोजला जात नाही. म्हणून ६०० वजा ४८०, म्हणजे १२० उरतात. हिशेब इतका स्वच्छ सुटतो, की नवख्याने याच रीतीने सुरुवात करावी.

दुसरी रीत अधिक खोल आहे. अष्टफलकाच्या १२ कडा सुवर्ण गुणोत्तरात योग्य दिशांनी विभागल्या, की विभाजनबिंदूंचा विंशतिफलक होतो. २४-कोष्ठीला असे २४ अष्टफलक आणि एकूण ९६ कडा असतात. प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही कडा चक्राकार एकाच दिशेने जाव्यात, अशा दिशा सर्व कडांना एकाच वेळी देता येतात, हे या रचनेचे मर्म. मग प्रत्येक शिरोबिंदूपाशी मिळणाऱ्या ८ कडांपैकी ४ आत येतात, ४ बाहेर जातात; त्यांवरचे ८ विभाजनबिंदू मिळून ५ चतुष्फलकांचा झुबका होतो. मधल्या चतुष्फलकाच्या चारही पृष्ठांवर एकेक चतुष्फलक बसलेला असतो. असे झुबके २४.

‘स्नब’ म्हटले, की स्नब घनाप्रमाणे डावे व उजवे असे दोन अवतार असणार, असे वाटते. येथे तसे नाही. सुवर्ण गुणोत्तर φ मानल्यास (०, ±१, ±φ, ±φ²) यांचे सर्व सम क्रमपर्याय हे शिरोबिंदूंचे सहनिर्देशक ठरतात, कडेची लांबी २ येते. एका सहनिर्देशकाचे चिन्ह बदलणे म्हणजे आरशातले परावर्तन; त्याने बिंदूंचा संच बदलत नाही. सममितीगटाची कोटी ५७६, म्हणजे २४-कोष्ठीच्या ११५२ च्या निम्मी. त्या दृष्टीने ही आकृती स्नब घनापेक्षा विंशतिफलकाची जवळची नातलग आहे.

थोरोल्ड गॉसेट (१८६९–१९६२) यांनी १९०० साली ‘मेसेंजर ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये ती मांडली. हे इंग्रज वकील. अशिले मिळेनात म्हणून फावल्या वेळात त्यांनी उच्च मितींतील आकृत्या शोधल्या, असे गणितज्ञ कॉक्सेटर सांगतात. गॉसेट यांच्या व्याख्येनुसार चार मितींत अर्धनियमित आकृत्या तीनच आहेत. ५-कोष्ठी व ६००-कोष्ठी यांच्या कडांचे मध्यबिंदू जोडून मिळणाऱ्या दोन आकृत्या आणि ही तिसरी.