तळटीप : आषाढातली हरभऱ्याची भाजी

हरभरा रब्बीचा, मग आषाढात भाजी कुठली? ही वाळवलेली भाजी. वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावाकडे, एकूणच वऱ्हाडात, वाळवून ठेवायचा पाला म्हणजे हरभऱ्याचा. फुलं धरण्याआधी कोवळे शेंडे खुडतात; त्याने झाडाला फांद्याही जास्त फुटतात. हा पाला धुवायचा नाही. पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणारी आंब, म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, हीच भाजीची खरी चव, आणि ती पाण्याबरोबर जाते. खुडणाऱ्या बायांची बोटं तिने चरचरतात. पाला निवडून सुती कापडावर पातळ पसरायचा, मुठीत चुरचुर वाजेपर्यंत वाळवायचा. थोडा जरी दमट राहिला तरी पावसाळ्यात बुरशी धरते. डबा कोरडा, घट्ट झाकणाचा हवा. ओला हात घालू नये. शिजवताना भाजी हाताने चुरून तुरीच्या डाळीत घालतात, ज्वारीचं पीठ लावून घोटतात, वरून लसूण-मिरचीची फोडणी. मीठ शेवटी, चाखून घालावं. आंबेचा खारटपणा वाळल्यावरही टिकतो.