माहेरचं आडनाव

लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडमध्ये लेस्टरला गेले होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या घरात ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्या राहायच्या. बाळाला बघायला आल्या आणि मग रोजच येऊ लागल्या. एक दिवस त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या आईच्या आईच्या आईचं नाव काय हो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. रात्री बेळगावला मावशीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, तिला सगळे काकीच म्हणायचे. नाव कोण घेतंय?" माहेर कुठलं, आडनाव काय, तेही तिला सांगता येईना. चार पिढ्यासुद्धा झाल्या नाहीत आणि एक जितीजागती बाई पुसून गेली!

त्या शेजारीणबाई मात्र सव्वादोनशे वर्षांमागे पोचल्या होत्या. कशाच्या आधारावर? चर्चच्या वह्यांच्या.

तिकडे गावागावाचं एक चर्च आणि त्या चर्चची ठरलेली हद्द असते, तिला पॅरिश म्हणतात. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं 1538 साली हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशनं एक वही ठेवावी आणि दर आठवड्याला झालेले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तीत लिहावीत. वही कुलपाच्या पेटीत ठेवायची. कुलपं दोन, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी गावच्या कारभाऱ्यांकडे. आपल्याकडे देवळाच्या दागिन्यांना असते तशी व्यवस्था! पुढे 1598 पासून दरवर्षी या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत पडली. त्यामुळे मूळ वही वाळवीनं खाल्ली तरी कधीकधी नकलेत माणूस सापडतो. वाचताना भान मात्र ठेवावं लागतं. 1752 पर्यंत तिथलं वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणजे फेब्रुवारी 1720 असं लिहिलेलं असलं तर आपल्या हिशेबानं ते 1721 असतं.

बाईंचे पूर्वज लेस्टरजवळच्या खेड्यांत मोजे विणायचे. घरातच लाकडी चौकटीचा माग असायचा. 1837 साली सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली, तिथपर्यंत त्या दाखल्यांवरून सरळ गेल्या. त्या दाखल्यांत आईचं माहेरचं आडनावही असतं. त्याच्यामागे मात्र चर्चच्या वह्या. 1815 सालच्या एका बाप्तिस्म्याशी त्या अडल्या. 1813 पासून या नोंदींसाठी छापील रकाने आले होते. मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, सगळ्यांना जागा. आईच्या माहेरच्या आडनावाला रकानाच नाही. नुसतं 'अॅन'. त्या काळी दर तिसरी बाई मेरी, अॅन नाहीतर एलिझाबेथ. कुठल्या अॅनला शोधायचं?

त्याआधीच्या वह्या तर आणखी मुक्या. कित्येक ठिकाणी मूल नुसतं बापाचं. आईचा उल्लेखच नाही. ती गेली तर दफनाच्या वहीत 'अमक्याची बायको'. ज्या बाईनं ते मूल पोटात वाढवलं तिची ओळख म्हणजे कुणाची तरी कुणीतरी.

बाईंनी मग लग्नांच्या वह्या धरल्या. 1754 पासून लग्नाची वेगळी वही आली आणि वधूवरांनी व साक्षीदारांनी सही करणं बंधनकारक झालं. लग्न बहुतेक वधूच्या गावी लागायचं, आपल्यासारखंच. म्हणून त्या आजूबाजूच्या गावांच्या वह्या एकेक करून बघत गेल्या. तिसऱ्या गावी अॅन सापडली, माहेरच्या आडनावासकट. नावापुढे 'सूत कातणारी' या अर्थाचा शब्द. अविवाहित बाईला तिकडे तोच शब्द होता आणि लग्नाच्या नोंदींत तो अगदी 2005 पर्यंत चालला. सहीच्या जागी फुली. त्या फुलीची छायाप्रत बाईंनी मला दाखवली. एक रेघ जरा थरथरलेली. त्या म्हणाल्या, "तिच्या हातचं एवढंच माझ्याकडे आहे."

मग अॅनचा बाप्तिस्मा शोधला. नोंद मिळाली 1788 ची, शेजारी गरीब असल्याची खूण. 1783 ते 1794 या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, तो गरिबांना माफ असे. आणि त्या नोंदीत आईचं नाव पूर्ण होतं, आडनावासकट! का? तर मूल लग्नाबाहेरचं होतं. बाप लिहिलाच नव्हता.

हे ऐकून मी गप्प झाले. पतिव्रतेचं नाव वहीत नाही आणि जिला गावानं नावं ठेवली तिचं नाव तेवढं सव्वादोनशे वर्षं टिकलं. त्यामागे माया नव्हती, हिशेब होता. निराधार मूल पॅरिशला पोसावं लागू नये म्हणून गावचे अधिकारी अशा बाईची चौकशी करत, बापाचं नाव काढून घेत आणि त्याच्याकडून खर्च वसूल करायला बघत.

मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?" बाई म्हणाल्या, "माझ्या आईनं हा कागद लपवला असता. मला मात्र या एलिझाबेथचा अभिमान वाटतो. पोरीला घेऊन ती चर्चमध्ये गेली, आणि नाव सांगून आली."

याच बाईंनी मला सांगितलं, की इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या आयांची नावं 2021 सालच्या मे महिन्यापासून लिहू लागले. 1837 पासून तिथे बापाचं नाव आणि बापाचा धंदा एवढंच होतं. एवढी पुढारलेली माणसं! लेखिका जेन ऑस्टिनची गंमतही त्यांनीच सांगितली. तिचे वडील पाद्री. त्यांच्या स्टिव्हन्टन गावच्या लग्नाच्या वहीत नमुन्याचं पान होतं, त्यावर लहानग्या जेननं स्वतःच्या नावापुढे मनानंच रचलेले नवरे लिहून ठेवले. कुठल्याच खऱ्या नवऱ्याची नोंद तिच्या नावापुढे कधी झाली नाही, पण तिची पुस्तकं दोनशे वर्षं वाचली जातात.

परत आल्यावर बेळगावच्या कॅम्पातून जाताना जुनं चर्च दिसलं आणि मी रिक्षा थांबवली. हिंदुस्थानातल्या गोऱ्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकलाही मुंबई, मद्रास, कलकत्त्याहून लंडनला जायच्या, आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत कित्येक मुलांच्या बापाचं नाव, पलटण, हुद्दा सगळं आहे आणि आईच्या जागी 'एक नेटिव्ह बाई' एवढंच. कोण असतील त्या? कुणाच्या लेकी? तिकडचे नातू-पणतू आज शोधत येतात आणि त्या दोन शब्दांवर येऊन थांबतात.

पण दुसऱ्यांना बोलून काय उपयोग? त्यांच्या बाईचं निदान पहिलं नाव तरी तसंच राहायचं. आपल्याकडे माप ओलांडलं की तेही तांदळाच्या ताटात बदलायचं. आमच्या घरच्या जुन्या वह्यांत कुणाकडून किती येणं, तंबाखूची किती पोती गेली, हे पैपैसकट आहे. घरात आलेल्या सुनेचं नाव कुठे नाही.

दिवाळीला मावशीकडे गेले, तेव्हा तिनं माळ्यावरून एक पितळी डबा काढून दिला. काकीच्या लग्नातला म्हणे. चिंचेनं घासून काठ बघितला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं हळूहळू उमटली. देणाऱ्या बापाचं नाव, आडनाव, गाव शेडबाळ, आणि शेवटी 'मुलीस'. मुलीचं नाव नव्हतं.

तरी आडनाव मिळालं, गाव मिळालं. पुढच्या महिन्यात शेडबाळला जायचं ठरवलंय. तिथे अजून त्या आडनावाची दोन घरं आहेत म्हणतात. जुन्या वहीत, कुठल्या म्हातारीच्या तोंडात ते नाव असेलही.

बायांनो, तुमच्याही माळ्यावर असा डबा, घागर असेल. मोडीत घालायच्या आधी एकदा काठ बघा. आणि आई, सासू अजून सांगण्यासारख्या असतील तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा. त्यांचं माहेरचं नाव विचारा, त्यांच्या आईचं विचारा, आणि लिहून ठेवा. आपल्या बायांसाठी तशी वही कुणी ठेवलेली नाही.