जुन्या छायाचित्रांतील वस्त्रांचा रंग : भडगाव परिसराच्या निमित्ताने

गिरणेच्या काठावरील भडगाव हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापूस, नीळ आणि जवस यांच्या व्यापाराचे गाव होते. १८७२ च्या सप्टेंबर महिन्यात गिरणेला आलेल्या महापुराने त्याची मोठी हानी केली. अशा गावाच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यासक दप्तरांच्या पाठोपाठ घरोघरच्या भिंतींकडे वळला तर त्यात नवल नाही. जुन्या घराच्या ओसरीवर, वरच्या अंगाला, किंचित पुढे झुकवून टांगलेली पूर्वजांची छायाचित्रे या टापूत आजही दृष्टीस पडतात. त्यांवरून वेशभूषेसंबंधी अनुमाने काढण्याचा प्रघात आता रूढ होत चालला आहे. अमुक स्त्री काळे लुगडे नेसली आहे, अमुक गृहस्थाने काळे पागोटे घातले आहे, अशी वाक्ये आपण सहज लिहून जातो. या वाक्यांपैकी पुष्कळशी चुकीची असण्याचा संभव आहे, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

कागदपत्राच्या बाबतीत आपण शाई, वळण, बंद, शिक्का हे सारे पाहिल्याविना पुढे जात नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या धुळ्यातील अखेरच्या वास्तव्यामुळे ही शिस्त खानदेशात तरी नव्याने सांगावयास नको. परंतु छायाचित्र समोर आले की तीच माणसे ते डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीसारखे खरे मानतात. वस्तुतः काच ही डोळ्यासारखी पाहत नाही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेली कलोडियनची ओली काच केवळ निळ्या, जांभळ्या आणि अतिनील किरणांनाच जागृत असे. तांबडा, नारिंगी व पिवळा हे रंग तिच्या दृष्टीने जवळजवळ अंधारच होते. १८७१ नंतर प्रचारात आलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचेने छायाचित्रकाराची धावपळ वाचविली, पण रंगांविषयीचा हा दोष तिच्यातही राहिलाच. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल याने काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून ती हिरव्या व पिवळ्या प्रकाशालाही जागृत करता येते हे दाखविले. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काच निघाली. तांबड्याला मात्र तीही आंधळीच होती. सर्व रंग ग्रहण करणारी पॅनक्रोमॅटिक काच इंग्लंडमध्ये १९०६ च्या सुमारास बाजारात आली. तिचा प्रसार लगोलग झाला असे समजू नये. ऑर्थोक्रोमॅटिक काच तांबड्या दिव्याच्या उजेडात डोळ्यांनी पाहत धुता येई. पॅनक्रोमॅटिक काचेस संपूर्ण अंधार लागे. लहान गावच्या स्टुडिओस पहिलीच सोयीची होती, हे उघड आहे.

आता याच्या उजेडात आपल्याकडील वस्त्रे पाहावीत. जुन्या काचेवर फिकी आस्मानी जवळजवळ पांढरी उतरते आणि गडद निळीचे कापडही डोळ्यांस दिसते त्याहून उजळ दिसते. निळीचा व्यापार करणाऱ्या गावाची निळाई छायाचित्रात फिकी पडावी, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे. उलट हळदीचा पिवळा सावळतो, तांबडा तर काळाच होतो. लोकमान्य टिळकांचे पागोटे लाल होते हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे त्यांच्या छायाचित्रातील गडद पागोटे पाहून आपण फसत नाही. आपल्याला त्याचा रंग आधीच माहीत असतो. भडगावच्या एखाद्या अनाम सावकाराविषयी तशी माहिती नसते, आणि म्हणून त्याचे पागोटे आपल्या लेखात काळे होऊन बसते.

छायाचित्रास बसणाऱ्यास आणि छायाचित्रकारास या गोष्टी आपापल्या परीने कळत होत्या. युरोप-अमेरिकेतील स्टुडिओ आपल्या गिऱ्हाइकांस पांढरी, फिकी निळी व जांभळी वस्त्रे टाळण्याची आणि मध्यम अथवा गडद छटेची वस्त्रे घालून येण्याची सूचना देत. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकी होत. आपल्याकडची अडचण मात्र युरोपीय सूचनांत पुरती मावणारी नव्हती. गव्हाळ अथवा सावळी त्वचा निळा प्रकाश कमी परावर्तित करते. तेव्हा जुन्या काचेवर चेहरा असतो त्याहून काळा उतरे. आणि त्या चेहऱ्याखाली धोतर, अंगरखा, उपरणे हे सारे पांढरेशुभ्र! चेहरा नीट उतरावा म्हणून काचेस अधिक वेळ प्रकाश द्यावा तर वस्त्रांच्या चुण्या नाहीशा होऊन केवळ पांढरा डाग राही. वस्त्रास जपावे तर चेहरा अंधारात जाई. खांद्यावर शाल, अंगात गडद कोट आणि खाली थोडेसेच दिसणारे धोतर ही मांडणी जुन्या छायाचित्रांत पुनःपुन्हा आढळते, तिचे एक कारण येथे शोधावे असे मला वाटते. कोट कचेरी व शाळा यांच्याबरोबर आला, कॅमेऱ्यामुळे नव्हे, हे मान्य. परंतु घरी बंडी घालणारा मनुष्य छायाचित्रासाठी कोट मागून आणतो, तेव्हा त्याच्या हौसेला काचेचीही अनुमती असते. स्टुडिओतून कोट व पागोटी बसणाऱ्यांस वापरावयास दिली जात, हेही विसरता कामा नये. छायाचित्रातील कोट हा त्या गृहस्थाच्या मालकीचा पुरावा होऊ शकत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत जरीचा काठ छायाचित्रकाराच्या फार उपयोगी पडला असला पाहिजे. जर चकाकते, तिची चकाकी रंगावर अवलंबून नसल्यामुळे ती कोणत्याही काचेवर पांढरी उमटते आणि गडद लुगड्याला पदराची रेघ मिळते. ज्या छायाचित्रात लुगडे काळे आणि काठ लखलखीत दिसतो, तेथे मूळ वस्त्र तांबडे असणे सहज शक्य आहे.

येथे प्रश्न केवळ हौशीचा राहत नाही. आल या झाडाच्या मुळीपासून काढलेला लाल रंग दख्खनभर वापरात होता. नवरीच्या शालूचा लाल हा सौभाग्याचा रंग. पण केशवपन झालेल्या विधवेचे आलवणही लालच, आणि त्याच्या नावातच आल आहे. डोळ्यांना या दोन लाल रंगांत पोताचा, झळाळीचा व छटेचा भेद कळे. जुनी काच दोघींनाही एकाच काळोखात बसविते. विधवेचे वस्त्र काळे पाहून त्यात युरोपीय सुतकी पोशाखाचे अनुकरण शोधणे जितके चुकीचे, तितकेच नवपरिणीतेच्या काळ्या दिसणाऱ्या शालूस चंद्रकळा समजून छायाचित्र संक्रांतीचे ठरविणेही चुकीचे. समजा, एखाद्या घराण्यात दत्तकाविषयी वाद आहे आणि मातेचे छायाचित्र पतीच्या हयातीतले की नंतरचे, यावर काळाचा निर्णय अवलंबून आहे. कपाळाचा भाग पुसट झाला आहे, डोक्यावरून पदर आहे. अशा वेळी ‘गडद वस्त्र’ हा पुरावा कोणत्याच बाजूचा नाही, हे संशोधकाने स्पष्ट लिहिले पाहिजे.

कपाळ स्पष्ट असेल तर मात्र एक कसोटी छायाचित्रातच मिळते, आणि ती युरोपीय अभ्यासकाच्या हाती नाही. ती म्हणजे कुंकू. कुंकवाचा रंग आपल्याला ठाऊक आहे. ते कोळशासारखे काळे उतरले असेल तर काच तांबड्याला आंधळी होती असे धरावयास हरकत नाही. आणि मग त्याच छटेचे लुगडे लाल किंवा काळे, या दोहोंपैकी काहीही असू शकते. कुंकू करड्या छटेत उतरले असेल तर काच बहुधा पॅनक्रोमॅटिक असून छायाचित्र १९०६ च्या अलीकडचे ठरते. हाच न्याय झेंडूच्या हारास व हळदीस लावता येईल. कसोटी निर्दोष नाही. काचेवर शिसपेन्सिल चालवून चेहरा साफ करण्याची रीत सर्रास होती. त्या ओघात कुंकू ठळक केले जाई किंवा मुळात पुसट असल्यास नवे काढलेही जाई. म्हणून शक्य तेथे भिंगाखाली पाहून पेन्सिलीच्या रेघा शोधाव्यात.

हाताने रंगविलेली छायाचित्रे तर आणखी फसवी. रंगारी चित्रकार छापील प्रतीवर जलरंग चढवी; लुगडे हिरवे करावे की जांभळे, हे तो कधी गिऱ्हाइकास विचारून, कधी आपल्या पेटीतील रंग पाहून ठरवी. रंगीत दिसते म्हणून अशा प्रतीस अधिक विश्वासार्ह मानणे हे नकलेस अस्सलाहून श्रेष्ठ मानण्यासारखे आहे. घरातील जुन्या पेटीत ते लुगडे वा तो शेला अद्याप असेल, तर त्याची एक सुरकुतलेली घडी दहा रंगीत प्रतींहून मोलाची. भडगाव, पाचोरा, कजगाव या गावी फिरणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून छायाचित्राची प्रत घेऊन लगेच उठू नये; वस्त्राची चौकशी करावी. पेटीच्या किल्ल्या बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे असतात आणि लुगड्याचा रंग त्यांच्या स्मरणात सनावळीपेक्षा पक्का असतो.

भडगावपासून जवळच, चाळीसगावी, केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याचा मोठा भाग छायाचित्रणात घालविला. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून देखावा उभा करण्याच्या ज्या प्रकारासाठी त्यांची ख्याती झाली, त्या प्रकारात वस्तूचा खरा रंग कोणता याला महत्त्व नसते. कृष्णधवल प्रतीवर तो कोणत्या करड्या छटेत उतरेल एवढेच कलावंत पाहतो. कलेत हे ज्ञान उघडपणे वापरले जाते. भिंतीवरच्या पूर्वजांची वस्त्रे निवडतानाही ते वापरले गेले होते, फक्त ते कोणी लिहून ठेवले नाही.