कळ आणि अक्षर : आज्ञावलीत कळफलकावरील मजकूर कसा हाताळावा

कळफलकावरील कळ आणि पडद्यावर उमटणारे अक्षर या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ध्यानात न घेता लिहिलेली आज्ञावली इंग्रजीत बिनबोभाट चालते. मराठी टंकलेखन सुरू होताच मात्र ती अडखळते. नावनोंदणी, पावत्या, दाखले यांसाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांनी म्हणूनच या विषयाची मूलतत्त्वे समजून घ्यावीत.

कळीपासून अक्षरापर्यंत

कळ दाबली की कळफलक संगणकाला केवळ त्या कळीचा स्थानदर्शक संकेत पाठवतो. यास ‘स्कॅन कोड’ म्हणतात. कळीवर कोणते अक्षर छापले आहे, हे कळफलकाला ठाऊक नसते. विंडोज या संकेतावरून ‘व्हर्च्युअल की कोड’ ठरवते आणि ‘डब्ल्यूएम_कीडाउन’ हा संदेश संबंधित खिडकीकडे धाडते. त्यानंतर आज्ञावलीतील ‘ट्रान्सलेटमेसेज’ हे फंक्शन निवडलेली कळमांडणी व शिफ्टची स्थिती पाहून ‘डब्ल्यूएम_कॅर’ हा दुसरा संदेश निर्माण करते. खरे अक्षर याच संदेशात असते. डॉटनेटमध्ये या जोडीस ‘कीडाउन’ व ‘कीप्रेस’, तर जावामध्ये ‘कीप्रेस्ड’ व ‘कीटाइप्ड’ अशी नावे आहेत.

यातून साधा नियम निघतो. बाणाच्या कळा, फंक्शन कळा आणि कंट्रोल-एससारख्या जोडकळा पहिल्या संदेशावरून ओळखाव्यात; मजकूर मात्र दुसऱ्यावरूनच घ्यावा. इनस्क्रिप्ट मांडणीत ‘एस’च्या कळीवर एकाराची मात्रा असते. अक्षर पाहून जोडकळ ओळखू गेल्यास मराठी मांडणी निवडताच ती निकामी होऊ शकते.

एक कळ, अनेक चिन्हे

एका कळीला एकच अक्षर, हे गृहीतकही टिकत नाही. फ्रेंचमध्ये आधी टोपीचे चिन्ह व मग ‘ई’ दाबल्यावर दोहोंचे मिळून एक अक्षर होते. इनस्क्रिप्टमध्ये उलट घडते. शिफ्टसह ७ ची कळ दाबली की ‘क्ष’ उमटतो. पण युनिकोडमध्ये तो क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांचा बनलेला आहे. एका कीडाउनमागे येथे तीन अक्षरसंदेश येतात. दाबलेल्या कळा मोजून मजकुराची लांबी ठरवणारी आज्ञावली अशा ठिकाणी चुकते.

‘फक्त अक्षरे’ ही अट

नावाच्या रकान्यात आकडे येऊ नयेत म्हणून प्रत्येक चिन्ह ‘अक्षर आहे का’ असे तपासण्याची प्रथा आहे. जावा व डॉटनेटमधील ‘इजलेटर’ या तपासणीला क, ख, ग ही अक्षरे मान्य असतात. मात्रा व हलन्त मात्र नाहीत, कारण युनिकोडने त्यांना जोडचिन्हांच्या वर्गात घातले आहे. परिणामी ‘ज्ञानेश्वर’ असे टंकलिखित केले, तरी रकान्यात ‘जञनशवर’ एवढेच उरते. दाखल्यावर असे नाव छापले गेले, तर तो मनस्ताप नागरिकाच्याच वाट्याला येतो. म्हणून जोडचिन्हांचा वर्गही ग्राह्य धरावा.

मोजणे आणि खोडणे

‘ज्ञानेश्वर’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात. युनिकोडची चिन्हे दहा भरतात आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवल्यास तीस बाइट लागतात. रकान्याची मर्यादा यांपैकी कोणत्या मापाने घातली, हे आधीच निश्चित करावे. अन्यथा नाव मध्येच तुटते.

खोडण्याचेही तसेच. विंडोजच्या नेहमीच्या मजकूरपेटीत बाणाची कळ संपूर्ण जोडाक्षर ओलांडते व ‘डिलीट’ ते पूर्ण काढते. ‘बॅकस्पेस’ मात्र शेवटचे एकच चिन्ह खोडते, जेणेकरून चुकलेली मात्रा तेवढी सुधारता यावी.

मोडीचा प्रश्न

देवनागरीची चिन्हे सोळा बिटांत मावतात. मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झाली, ती या मर्यादेपलीकडे. विंडोजमध्ये मोडीचे एक चिन्ह दोन तुकड्यांत, दोन अक्षरसंदेशांनी येते. पहिला तुकडा राखून दुसऱ्याशी जोडला नाही, तर पडद्यावर रिकामे चौकोन दिसतात. इमोजींनाही हेच लागू आहे.

शक्य तेथे कार्यप्रणालीची तयार मजकूरपेटीच वापरावी. यांतील बराचसा भार ती उचलते. स्वतःची पेटी घडवायचीच असेल, तर ‘क्ष’, ‘ज्ञानेश्वर’ आणि एखादे मोडी अक्षर टंकलिखित करून, खोडून व पुन्हा साठवून पाहावे. या कसोटीला उतरलेली आज्ञावलीच मराठी माणसाच्या हाती द्यावी.