महाडचा सूर्य आणि मुंबईचें घड्याळ

महाड-पोलादपुराकडे सावली सर्वांत आखूड होते, तेव्हां घड्याळांत सरासरीनें बारा वाजून ३६ मिनिटें झालेलीं असतात. घड्याळ चुकलेलें नसतें; तें तेथील सूर्याचें नसतें, इतकेंच. सूर्यास एक अंश ओलांडण्यास चार मिनिटें लागतात. महाड सुमारें ७३.४ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर भारतीय प्रमाणवेळेची रेषा ८२.५ अंशांवर.

ही साडेपांच तासांची वेळ १ जानेवारी १९०६ रोजीं सुरू झाली. ग्रीनिचहून ४ तास ५१ मिनिटें पुढें असलेली आपली वेळ सोडावयास मुंबई तयार नव्हती. गिरणीकामगारांस तर नवें घड्याळ म्हणजे ३९ मिनिटें आधीं उठणें. त्यांनींही विरोध केला. १९५५ पर्यंत जुनी वेळ शहरांत टिकली.

मुंबईवेळेचे नऊ, म्हणजे प्रमाणवेळेचे नऊ वाजून ३९ मिनिटें. ही बेरीज विसरून नऊची आगगाडी गांठूं पाहणाऱ्यास रिकामा फलाट दिसे. गंमत अशी, कीं ती हट्टी वेळ महाडच्या सूर्याहून अवघीं दोनअडीच मिनिटें मागें होती. सूर्य मुंबईच्या बाजूस होता. पण कलकत्त्याशीं व्यवहार करावयाचा, तर घड्याळ एकच लागतें.